सिल्कसाँग: सहा वर्षं वाट बघून घेतलेला गेम, आणि नवा गेम मी कसा निवडते

4 सप्टेंबर 2025, गुरुवार, गणपतीचा नववा दिवस. आमच्या सोसायटीची आरती रोज संध्याकाळी साडेसातला असते आणि हॉलो नाइट ह्या गेमचा पुढचा गेम सिल्कसाँग रिलीज होणार होता तोही आपल्या वेळेनुसार बरोबर साडेसातलाच. भाचा सकाळपासून विचारत होता, "मावशी, आज आरती जरा लवकर नाही का गं करता येणार?" नाही करता येत, आणि करूही नये. आम्ही दोघं आरतीला उभे राहिलो, मंत्रपुष्पांजली झाली, प्रसाद घेतला आणि मग वर येऊन लॅपटॉप उघडला तर स्टोअरचं पानच लोड होईना. कार्टात टाकला की पेमेंट अडकायचं, परत पहिल्यापासून. जगभर तेच चाललेलं, पीसी काय कन्सोल काय, एकाच वेळी मोठमोठी ऑनलाइन दुकानं बसली होती एका 20 डॉलरच्या गेमपायी. साडेनऊच्या पुढे कधीतरी पैसे गेले आणि डाउनलोड सुरू झाला, तोवर पोरगं माझ्या खुर्चीच्या दांड्यावर डोकं टेकून अर्धं झोपलेलं.

हे एवढं सांगायचं कारण म्हणजे मी पहिल्या दिवशी गेम घेत नाही. कधीच नाही. सिल्कसाँगसाठी स्वतःचा नियम मोडला, आणि आता 58 तास खेळून पहिला शेवट बघून झाल्यावर तो मोडला ते बरोबर होतं का हे नीट लिहावंसं वाटतंय, कारण नवीन गेम कुठला घ्यावा असं मला ऑफिसात निदान चार जण तरी विचारतात आणि प्रत्येकाला चहाच्या ब्रेकमध्ये पूर्ण उत्तर देता येत नाही.

आधी नियम कुठून आला ते. काही वर्षांपूर्वी एक मोठा गेम, नाव घेत नाही, ट्रेलर बघून प्री-ऑर्डर केला. ट्रेलर दहा वेळा बघितला असेल मी. पगारातून बाजूला काढलेले पैसे होते. आला तो दिवस, आणि दर वीस मिनिटांनी बंद पडायचा, एकदा तर सेव्ह फाइलच गेली सहा तासांची. मला राग बंद पडण्याचा कमी आणि ह्याचा जास्त आला की मी ट्रेलरवर विश्वास ठेवला होता. ट्रेलर हा गेम नसतो हो. ट्रेलरमध्ये उत्तमातले दोन मिनिटं कापून, संगीत चढवून दाखवतात, त्यात बटण दाबल्यावर पात्र किती पटकन वळतं, मेल्यावर परत किती लांबून चालत यावं लागतं, मेनूत किती वेळ जातो हे काहीच कळत नाही. आणि गेम आवडणार का नाही ते नेमकं ह्याच गोष्टींवर ठरतं.

तेव्हापासून मी विशलिस्टात टाकते आणि थांबते. पंधरा दिवस किमान. डेमो असेल तर आधी डेमो, स्टीमवर, म्हणजे पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात, नेक्स्ट फेस्ट असतो त्यात चिक्कार डेमो फुकट खेळायला मिळतात आणि माझे निम्मे आवडते गेम मला तिथेच सापडलेत. मग रिव्ह्यू, पण रिव्ह्यू वाचताना मी आधी वाईट वाचते, आणि त्यातही ज्याने चाळीस तास खेळून वाईट लिहिलंय त्याचं, कारण तो माणूस काय दुखलं ते अगदी बोट ठेवून सांगतो. त्याला जे खुपलं ते मला खुपणार आहे का, एवढंच बघायचं. पुष्कळदा उलटं होतं, एकजण चिडून लिहितो की हातात नकाशा देत नाहीत, काही सांगत नाहीत, आणि मी लगेच कार्टात टाकते कारण मला तेच हवं असतं.

एक्सपेडिशन 33 मी असाच घेतला. तो माझ्या यादीतही नव्हता. 24 एप्रिल 2025 ला आला, त्याच्या दोनच दिवस आधी ऑब्लिव्हियन ह्या जुन्या गेमचं रीमास्टर, म्हणजे नव्याने घडवलेली आवृत्ती, कसलीही तारीख न सांगता अचानक बाजारात आलेलं, सगळे तिकडे. फ्रान्समधल्या माँपेलिए शहरातला सँडफॉल नावाचा स्टुडिओ, त्यांचा पहिलाच गेम, मागचं काही बघून विश्वास ठेवावा असं काहीच नाही. म्हणून थांबले, वाचत राहिले, आणि लोक परत परत एकच सांगत होते की टर्न-बेस्ड, म्हणजे आळीपाळीने वार करायचा गेम असूनही शत्रूचा वार यायच्या क्षणाला बटण दाबून परतवायचा असतो, म्हणजे आपली पाळी नसतानाही हात मोकळे नसतात. त्यावर घेतला आणि फार सुंदर निघाला. डिसेंबरात त्याला गेम ऑफ द इयर मिळालं तेव्हा मला आपल्या घरचं कोणी पास झाल्यासारखं वाटलं.

आता सिल्कसाँग. ह्याच्यात माझी कुठलीच पद्धत चालणार नव्हती. रिव्ह्यूवाल्यांना आधी कॉपी दिलीच नव्हती, म्हणजे पहिल्या दिवशी जो खेळेल तो आपल्याबरोबरच खेळेल. आणि रिफंडचं काय, तर स्टीमवर घेतल्यापासून 14 दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर पैसे परत मिळतात, नियम चांगला आहे, मी वापरलाय पण. पण सिल्कसाँगचे पहिले दोन तास म्हणजे नुसती प्रस्तावना. मॉस ग्रोटोचं हिरवं शेवाळ, मग बोन बॉटम नावाची छोटीशी वस्ती, सगळं कसं छान हळूहळू चाललंय असं वाटतं. खरा गेम काय चीज आहे ते कळायला दहा तास जावे लागतात, तोवर रिफंडची मुदत कधीच गेलेली असते.

मग कशावर घेतला? मागच्या कामावर. हॉलो नाइट 2017 च्या फेब्रुवारीत आला. ऑस्ट्रेलियात ॲडलेडमधली टीम चेरी, दोन-तीन माणसांची टीम, 2014 साली किकस्टार्टरवर, म्हणजे लोकांकडून आधीच पैसे जमवायच्या साइटवर, 57 हजार ऑस्ट्रेलियन डॉलरच्या थोडे वर जमवले आणि त्यात तो एवढा प्रचंड गेम केला. त्यानंतर चार वेळा नवीन भाग जोडले, हिडन ड्रीम्स, ग्रिम ट्रूप, लाइफब्लड, गॉडमास्टर, आणि चारही फुकट. मी गेम एकदाच घेतला आणि दीड वर्ष त्यात काही ना काही नवीन येत राहिलं. हॉलो नाइटमधल्या हॉर्नेट ह्या पात्राला घेऊन खेळता येणारा एक भाग त्यांनी किकस्टार्टरवाल्यांना कबूल केला होता, तो वाढत वाढत एवढा झाला की फेब्रुवारी 2019 मध्ये म्हणाले आता हा वेगळाच गेम आहे, सिल्कसाँग. आणि मग गप्प. वर्षं गेली. दर मोठ्या शोला लोक वाट बघायचे आणि काही यायचं नाही. शेवटी 21 ऑगस्ट 2025 ला सांगितलं की दोन आठवड्यांत येतोय. माझं म्हणणं एवढंच की जो माणूस एकदा घेतलेल्या पैशापेक्षा चौपट देऊन गेलाय, त्याच्या दुसऱ्या कामाला रांगेत उभं राहायला हरकत नाही. ट्रेलरमधून हे कळत नाही, आधीच्या कामातून कळतं.

आता गेम कसा आहे. अवघड आहे. हॉलो नाइटपेक्षा अवघड, आणि हे मी हॉलो नाइट तीनदा पूर्ण केलेली बाई सांगतेय. सुरुवातीला पाच मास्क, म्हणजे पाच जीव समजा, आणि कितीतरी शत्रू एका फटक्यात दोन मास्क उडवतात. म्हणजे तीन फटक्यांत खेळ खल्लास. उलट बाजूला हॉर्नेट रेशीम साठवून एका झटक्यात तीन मास्क भरून काढते, तेही हवेत असताना, त्यामुळे मार खाऊन पळायचं, जागा शोधायची, भरायचं, परत घुसायचं असा सगळा वेगळाच ताल आहे. आणि तिचा खालचा वार सरळ खाली न जाता तिरका जातो! हाताला सवय सरळ उडी मारून वार करायची, पहिली दोन दिवस मी प्रत्येक काट्यावर जाऊन पडत होते. पुढे वॉन्डरर नावाचा क्रेस्ट, म्हणजे लढायची पद्धत बदलणारं चिन्ह, मिळतो त्यात वार जुन्यासारखा सरळ होतो, पण तोवर मला तिरक्याची इतकी गोडी लागली की मी बदललाच नाही.

लास्ट जज नावाचा बॉस, म्हणजे मोठा शत्रू आहे, किल्ल्याच्या दारावरचा पहारेकरी म्हणा. हातात पेटती धुपाटणी, साखळीने गरगर फिरवतो. त्याच्यापर्यंत जायचा रस्ता असा की वाऱ्याच्या वाटेवरून, उड्या मारत, मधे किडे चुकवत, दरवेळी मिनिटभर तरी जातं. मी एकवीस वेळा गेले. विसाव्या वेळी मारला, कंट्रोलर ठेवला, हात वर केले, आणि तो मरता मरता फुटला आणि मला घेऊन गेला. भाचा ओरडला, "मावशी, तो मेलाय ना पण, मग तू का मेलीस?" एकविसाव्या वेळी मारून लगेच लांब पळाले. तो बॉस मला मनापासून आवडला, प्रत्येक वार आधी कळतो, चूक झाली तर ती आपलीच असते. पण तो परत परतचा रस्ता मला पटला नाही. बॉस शिकण्यात मजा आहे, तीच वाट एकविसाव्यांदा चालण्यात काही शिकायला उरलेलं नसतं. बाइलवॉटर नावाचा दलदलीचा भाग आहे तिथे तर हे फारच झालंय, बसायचा बाक, म्हणजे मेल्यावर जिथून परत सुरू होतं ती जागासुद्धा लपवून ठेवलीये.

दुसरी तक्रार पैशांची. गेममधलं चलन म्हणजे जपमाळेचे मणी. नकाशा घ्या मणी, काही ठिकाणी बाकावर बसायचं तरी मणी. आणि सगळे शत्रू मणी देत नाहीत, यात्रेकरू किडे देतात, रानातले देत नाहीत. मेलो की मणी तिथेच पडतात आणि परत आणायला जाताना परत मेलो तर गेले. मणी ओवून माळ केली की मेल्यावरही ती आपल्याकडेच राहते, हे आधी समजून घ्या, मला फार उशिरा लक्षात आलं. टीम चेरीने पहिल्याच अपडेटमध्ये काही दर कमी केले आणि सुरुवातीचे मूरविंग आणि सिस्टर स्प्लिंटर हे दोन बॉस थोडे सोपे केले. म्हणजे लोकांचं ऐकतात. मी ते आधीच मारून बसले होते पण भाच्याला उपयोग झाला.

पण ह्या सगळ्याच्या वर जे आहे ते सांगायलाच पाहिजे. फारलूम हे राज्य म्हणजे एक उभी वारी आहे. खालून वर, किल्ल्याकडे, हजारो किडे यात्रेला निघालेत, अंगावर माळा, पाठीवर ओझी, वाटेत कितीतरी मेलेले पडलेत आणि तरी बाकीचे चाललेत. गेम ऑस्ट्रेलियातल्या लोकांनी केलाय, त्यांच्या डोक्यात वारी असायचं कारण नाही, पण आषाढात पुण्यात पालखी येते तेव्हा रस्त्याच्या कडेला उभं राहून बघितलेलं असलं की हे सगळं वेगळंच जाऊन भिडतं. त्यात एक एवढासा किडा आहे, नाव शर्मा, हो अगदी असंच ऐकू येतं. तो एका बंद दारासमोर बसून वाद्य वाजवत गातोय, त्याची खात्री आहे की गाण्याने दार उघडेल. मी फिरून, मार खात, दुसऱ्या बाजूने आले आणि कळ ओढली, दार उघडलं. तो आनंदाने नाचायलाच लागला, त्याच्या लेखी गाण्यानेच उघडलं! हॉर्नेट त्याला काही बोलत नाही फारसं. मला तिथे गळ्याशी आलं खरं सांगते. पुढे तो भेटत राहतो आणि दरवेळी मी थांबून त्याचं गाणं पूर्ण ऐकलंय. क्रिस्टोफर लार्किनचं संगीत हेडफोन लावूनच ऐका, लॅपटॉपच्या स्पीकरवर वाया जातं.

माझा लॅपटॉप पाच वर्षं जुना आहे, त्यावर एकदाही अडखळला नाही. किंमत 19.99 डॉलर, म्हणजे आजकालच्या 70 डॉलरच्या एका मोठ्या गेममध्ये असे तीन येतील आणि वर सुटे उरतील.

कोणी घ्यावा? हॉलो नाइट खेळून आवडला असेल तर डोळे मिटून. तो खेळलाच नसेल तर आधी तो घ्या, सेलमध्ये फार स्वस्तात मिळतो, आणि तिथे मॅन्टिस लॉर्ड्स नावाच्या बॉसशी लढताना मजा आली तर इकडे या. दिवसभर काम करून रात्री अर्धा तास डोकं शांत करायला काहीतरी हवंय असं असेल तर हा घेऊ नका, खरंच नका, त्यासाठी दुसरे चांगले गेम आहेत.

आणि विश्वासाने घ्यायचा म्हटलं की मला आपल्या पुण्यातल्याच नॉडिंग हेड्स ह्या स्टुडिओचा राजी हा गेम आठवतो. त्यांचं किकस्टार्टर 2017 साली पूर्ण झालं नव्हतं, तरी 2020 मध्ये गेम पूर्ण करून दाखवला आणि गेम अवॉर्ड्सच्या पदार्पणाच्या विभागात नामांकन मिळालं. लढाईत थोडा कच्चा होता, पण भिंतीवरची ती चित्रं बघत मी कितीदा उभी राहिलेय. त्यांचं पुढचं काही आलं की मी पंधरा दिवस थांबणार नाही.

जीटीए सहासाठी मात्र थांबणार. डिसेंबर 2023 ला पहिला ट्रेलर, आधी 2025, मग मे 2026, मग 19 नोव्हेंबर 2026. पुढे ढकलला ह्याचं मला वाईट वाटत नाही, अर्धवट देण्यापेक्षा बरं. पण भाच्याचं प्री-ऑर्डरचं टुमणं चालू आहे आणि त्याला मी सांगितलंय, आला की पंधरा दिवसांनी बघू, तोवर तुझा सिल्कसाँग पुरा कर. सी ऑफ सॉरो नावाचा सिल्कसाँगचा नवीन भाग टीम चेरीने जाहीर केलाय, तोही फुकट. काल रात्री साडेअकराला त्याचा फोन आला, लास्ट जज शेवटच्या फटक्यावर होता म्हणे. मी विचारलं, "तो मेल्यावर लांब पळालास ना?" पलीकडून नुसता मोठा उसासा ऐकू आला.