फळ्या आडव्या की उभ्या?

कुंपणाचे खांब रोवून झाले की सुतार विचारतोच, "फळ्या आडव्या मारू की उभ्या?" नुसत्या फळ्यांच्या लाकडात म्हणावा तसा फरक पडत नाही. खांबांत ६ फूट अंतर, उंची ५ फूट, ४ इंची फळी आणि मध्ये २ सूत (पाव इंच) फट धरली तर एका गाळ्याला, म्हणजे दोन खांबांमधल्या जागेला, आडव्या १४ फळ्या, म्हणजे ८४ फूट. उभ्या १७, म्हणजे ८५ फूट. उभ्यांना मागून तीन आडव्या पट्ट्या लागतात, ते १८ फूट जास्तीचे. स्क्रूही दुपटीहून जास्त, १०२ च्या आसपास. आडव्यांचं ४२ मध्ये भागतं, पण दोन गाळ्यांवर जाणारी १२ फुटी सलग फळी मिळाली तरच. उभ्यांना वखारीतले ५ फुटी तुकडे चालतात, आणि ते स्वस्त पडतात.

दिसायला आडवं कुंपण देखणं, यात वाद नाही. मात्र पोरं आणि शेळ्या त्याची शिडी करतात. पन्हाळ्याकडच्यासारखी उताराची जागा असेल तर आडव्यांना पायऱ्या पाडाव्या लागतात. उभ्यांत पट्टी उताराबरोबर जाते, फळी ओळंब्यात राहते.

आडव्यांची खरी कटकट खांबावरच्या सांध्यात आहे. ४ इंची खांबावर दोन फळ्यांची टोकं भेटतात, म्हणजे प्रत्येकीला जेमतेम २ इंच. स्क्रू टोकापासून इंचभरावर येतो आणि फळी तिथेच तडकते. लाकडाचं कापलेलं तोंड सर्वांत जास्त पाणी पितं, आणि नेमकं तेच तोंड खांबाला चिकटून, उन्हावाऱ्याशिवाय बसलेलं. आपल्याकडे मृगापासून चार महिने ते वाळतच नाही. बाकीची फळी धडधाकट असताना सांधा काळा पडून भुसभुशीत झालेला दिसतो, आणि एका टोकापायी १२ फुटी फळी काढावी लागते. उभी फळी कुजली तर सहा स्क्रू काढले की काम झालं.

उभ्यांतही पाणी साचतं, पट्टीच्या माथ्यावर. तो माथा रंध्यानं फळ्यांच्या उलट बाजूला उतरता करून घ्या. फळीचं खालचं टोक जमिनीपासून २ इंच वर ठेवा, नाहीतर वाळवीला आयती वाट मिळते.

फट दोन्हीकडे सांभाळायची. एप्रिलात वाळलेली फळी चिकटवून मारली तर पावसात फुगून शेजारणीला रेटते. मध्ये ६ मिमी प्लायचा तुकडा धरून मारत जायचं. सिल्व्हर ओकचं लाकूड नुकतंच चिरलेलं, ओलं असेल तर फट कमी ठेवा, वाळल्यावर ती आपोआप वाढते.

तरीही आडव्याच हव्या असतील तर सांध्याच्या खांबाला दोन्ही बाजूंनी २ इंची पट्टी जोडून फळी टेकायची जागा रुंद करा. सगळे सांधे एकाच खांबावर आणू नका, एकाआड एक फळीचा सांधा पुढच्या खांबावर न्या. टोकांना मारण्याआधी ऑइल प्राइमरचे दोन हात द्या. ८ नंबरच्या स्क्रूला आधी ३ मिमीचं भोक पाडा, आणि स्क्रू स्टेनलेसचेच घ्या.