क्लोज्ड-बॅक हेडफोन, मर्यादित बजेट आणि रोजचा प्रवास: काही महिन्यांच्या वापरानंतर

हेडफोन आहे ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम४०एक्स. वायरचा, कान पूर्ण झाकणारा, मागून बंद. ४० मिलिमीटरचे ड्रायव्हर (आवाज काढणारे आतले छोटे स्पीकर), ३५ ओहम (विद्युत रोध), केबल सोडून वजन साधारण २४० ग्रॅम. वापर बहुतेक घराबाहेरचा: फोन आणि डोंगल (हेडफोनची पिन फोनच्या पोर्टला जोडणारा छोटा अडॅप्टर), चालताना, बसमध्ये, ट्रेनमध्ये. मूळ स्टुडिओसाठी बनवलेली वस्तू रस्त्यावर कितपत चालते, हा प्रश्न. चालते; पण ड्रायव्हरच्या आकारापेक्षा आणि खोक्यावरच्या फ्रिक्वेन्सीच्या आकड्यांपेक्षा पॅड तुमच्या कानाभोवती कसं बसतं यावर जास्त अवलंबून आहे. कमी पैशात निवड करायची असेल तर तपासणीची सुरुवात तिथूनच करावी.

कारण असं. बंद कपमधला बेस टिकतो तो पॅड आणि डोकं यांच्यामध्ये अडकलेल्या हवेमुळे. त्या हवेला बारीक फट मिळाली की सगळ्यात आधी खालचे सूर जातात. मधले आणि वरचे सूर जवळपास तसेच राहतात. म्हणून ऐकणाऱ्याला गळती कळत नाही, हेडफोनच पातळ आवाजाचा वाटतो. एकाच मॉडेलला कुणी ‘बेस भरपूर’ म्हणतं आणि कुणी ‘बेसच नाही’, त्याचं अर्धं उत्तर इथे आहे. फटीच्या जागा ठरलेल्या: चष्म्याची काडी, कानापुढचे केस, टोपीची कड, आणि कानाच्या पाळीखाली जबड्यामागचा खोलगट भाग. शेवटची जागा बहुतेक जण तपासतच नाहीत.

तपासायची पद्धत सोपी आहे. ४० हर्ट्झचा सलग सूर हळू आवाजात लावा आणि दोन बोटांनी कप हलकेच डोक्याकडे दाबा. सूर एकदम फुगला तर पॅड गळतंय. थोडासा फरक पडणारच, कारण दाबल्यावर पॅडही चेपतं; पण सूर नसल्यातून असल्यात आला तर ती गळती. डावी-उजवी बाजू वेगवेगळी करा, मग चष्मा काढून परत करा. सूर हाताशी नसेल तर तबल्याच्या डग्ग्याची मींड किंवा बेस गिटार चालेल. दुकानात उभ्या उभ्या एवढं केलं तरी पुष्कळ समजतं. चष्मा जाड काडीचा असेल तर तो घालूनच हेडफोन निवडा. पातळ धातूच्या काडीने गळती बरीच कमी होते.

बाहेरचा आवाज किती अडतो? बोलणं, हॉर्नची धार, ब्रेकची किंकाळी, म्हणजे साधारण एक किलोहर्ट्झच्या वरचं, चांगलं दबतं. इंजिनची घरघर मात्र जवळपास तशीच आत येते. शे-दोनशे हर्ट्झच्या खाली अख्खा कपच पॅडच्या मऊपणावर हलतो, त्यामुळे तो भिंतीचं काम करू शकत नाही. सेनहायझर एचडी २८० प्रो या दुसऱ्या बंद हेडफोनसाठी ‘३२ डेसिबलपर्यंत’ असा आकडा दिलेला असतो. तो कमाल आकडा आहे, सगळ्या पट्ट्यांना लागू नाही. घरघर हाच तुमचा मुख्य त्रास असेल तर नॉइज कॅन्सलिंगच घ्यावं, ते नेमकं याच पट्ट्यात काम करतं.

या घरघरीचा परिणाम असा की बसमध्ये बेस झाकला जातो आणि हात आपोआप व्हॉल्यूमकडे जातो. जागतिक आरोग्य संघटनेचा मापदंड आठवड्याला ४० तास ८० डेसिबल असा आहे, आणि दर ३ डेसिबल वाढीला वेळ निम्मी होते: ८६ वर १० तासच उरतात. त्यापेक्षा इक्वलायझरमध्ये प्रवासासाठी वेगळं सेटिंग ठेवा. १०० हर्ट्झच्या खाली ३ ते ४ डेसिबल वाढ, आणि प्रीअॅम्प (एकूण आवाजाची पातळी) तेवढाच खाली, म्हणजे आवाज फाटणार नाही. घरी आल्यावर बंद करा, नाहीतर सगळं ढोलासारखं वाटतं.

पकड घट्ट आहे, आणि रस्त्यावर ती फायद्याची आहे. चालताना कप सरकत नाहीत. पण सुरुवातीच्या काळात तासाभराने कानशिलं दुखतात. रात्रभर हेडफोन पुस्तकांच्या गठ्ठ्यावर चढवून ठेवावा, गठ्ठा डोक्याच्या रुंदीपेक्षा एक-दोन सेंटिमीटरच मोठा. हाताने एकदम फाकवू नका, प्लास्टिकचे सांधे असेच जातात. आणि फार सैल केलात तर सील (पॅडची हवाबंद पकड) गेलं, म्हणजे परत बेसची तक्रार. डोक्याच्या माथ्यावरचा दाब हा निराळा मुद्दा. त्यावर पट्टी एक खाच मोठी करणं हा पहिला उपाय.

आता ताकद. इथे ओहमच्या आकड्याला लोक उगाच घाबरतात. हेडफोनची संवेदनशीलता, म्हणजे ठरावीक ताकदीवर तो किती मोठा वाजतो, ती कुठे मिलिवॅटमागे लिहितात, कुठे व्होल्टमागे. फोनसाठी व्होल्टचा आकडा कामाचा. मिलिवॅटच्या आकड्यात १० × लॉग (१००० ÷ ओहम) मिळवला की तो मिळतो. एम४०एक्स: ९६ डेसिबल, ३५ ओहम, म्हणजे व्होल्टला साधारण ११०. सोनी एमडीआर-७५०६: १०६ डेसिबल, ६३ ओहम, म्हणजे ११८. ओहम जवळपास दुप्पट, तरी सोनी जास्त मोठा वाजतो. बायरडायनॅमिक डीटी ७७० प्रोचा २५० ओहमवाला ९६ वरून १०२ वर येतो. एक व्होल्ट देणारं डोंगल असेल तर हे आकडे तसेच धरा, अर्ध्या व्होल्टचं असेल तर ६ वजा करा. संगीतातली शिखरं सरासरीपेक्षा १५ डेसिबल किंवा जास्तच वर असतात, तेवढी जागा सोडून हिशेब करा. एम४०एक्सला अर्ध्या व्होल्टवरही काही कमी पडत नाही; २५० ओहमवाल्याला हळू रेकॉर्ड केलेल्या मैफिलीत पडतं. वेगळा अॅम्प घेण्याचे पैसे वाचवा आणि पॅडसाठी ठेवा.

डोंगल घेताना एकच काळजी: आत डॅक (डिजिटल सिग्नलचा अॅनालॉग आवाज करणारी चिप) असलेलंच घ्या. नुसतं वायर जोडणारं स्वस्त अडॅप्टर फक्त काही फोनवर चालतं, कारण बऱ्याच फोनच्या यूएसबी-सी पोर्टमधून अॅनालॉग आवाज निघतच नाही.

केबल. एम४०एक्ससोबत दोन येतात, एक ३ मीटरची सरळ आणि एक ताणल्यावर ३ मीटर होणारी गुंडाळी. दोन्ही टेबलाजवळ ठीक, खिशातल्या फोनला निरुपयोगी. १.२ मीटरची तिसरी केबल खर्चात धरा. कपाकडची पिन २.५ मिलिमीटरची, वळवून बसणारी आहे. साधी जाड गळ्याची केबल आत पूर्ण जात नाही. पिन अर्धवट राहिली की एक मजेशीर बिघाड होतो: गायकाचा आवाज गायब आणि मागे पोकळ, गुहेतल्यासारखी वाद्यं. तेव्हा दोन्ही बाजूंची सामाईक ग्राउंड (परतीची तार) सुटलेली असते, दोन ड्रायव्हर एका ओळीत येतात आणि डाव्या-उजव्यामधला फरक तेवढा ऐकू येतो. मध्यभागी असलेला आवाज कटून जातो. हेडफोन बिघडला म्हणून परत पाठवण्याआधी पिन दाबून बघा. कपड्यांना केबल घासल्याची खरखर कानात येते. कॉलरला एक क्लिप लावली की बरीच थांबते.

सुटणारी केबल ही निवडीची मोठी अट मानावी. वायरच्या हेडफोनमध्ये पहिली तुटते ती तीच, तेही पिनच्या गळ्याशी. एमडीआर-७५०६ १९९१ पासून बाजारात आहे, आवाज स्वच्छ आणि वजन कमी, पण त्याची गुंडाळीची केबल कायमची जोडलेली आहे. सोल्डरिंग येत असेल तर प्रश्न नाही. एकेजी के३७१ ची केबल मात्र सुटते, तिला मिनी-एक्सएलआर प्रकारची पिन आहे.

आवाजाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, आणि ही स्तुतीच समजा. बेस किंचित उचललेला, गायन जागच्या जागी, वरचे सूर टोचत नाहीत. मोठा भाऊ एम५०एक्स खालून-वरून जास्त उचललेला आहे. गोंगाटात तो अधिक मजा देतो, शांत खोलीत एम४०एक्स. व्यासपीठ, म्हणजे वाद्यं किती पसरून ऐकू येतात ते, अरुंद; ते बंद कपात असायचंच. ऑटोइक्यू या प्रकल्पाची, हेडफोन मोजून काढलेली तयार इक्वलायझर सेटिंग्ज अँड्रॉइडवर वेव्हलेट अॅपमधून लागतात, पण ती मूळ पॅडवर मोजलेली असतात. पॅड बदललं की ती बंद करा.

आणि महिन्यांनी बदलतं ते पॅडच. ‘वाजवून वाजवून ड्रायव्हर मोकळे झाले’ असं लोक म्हणतात. प्रत्यक्षात फोम बसतो, कान ड्रायव्हरच्या जवळ जातो आणि आवाजाचा तोल सरकतो. कानाची वरची कड आतल्या कापडाला टेकायला लागली की पॅडची वेळ झाली. कृत्रिम चामडं म्हणजे पॉलियुरेथेन. घाम आणि दमटपणाने ते सुटतं आणि काळे पापुद्रे कानाला चिकटतात. वापरल्यावर कोरड्या मऊ कापडाने पुसा, स्पिरिट लावू नका. नवं पॅड घेताना वेलूर (मखमली कापड) टाळा: कानाला थंड, पण हवा पार होते, बेस आणि आडोसा दोन्ही घटतात. मेंढीचं चामडं जास्त टिकतं. फार जाड पॅडही नको, ड्रायव्हर लांब गेला की सूर बदलतात. बसवताना पॅडची कड खाचेत एका ठिकाणी अडकवा आणि जुन्या प्लास्टिकच्या कार्डाने गोल फिरवत आत ढकला. त्याच वेळी ड्रायव्हरच्या जाळीवर एखादा केस पडलाय का बघा. पडद्याला टेकलेला केस बेसवर चक्क फाटक्या स्पीकरसारखा खरखरतो, आणि चिमट्याने काढला की सगळं ठीक.

सुट्या पॅडचा साठा मात्र करू नका. पॉलियुरेथेन न वापरता खोक्यात पडून असलं तरी हवेतल्या ओलाव्याने सुटतंच. एक जोडी, तीही लागेल तेव्हाच मागवा.