पद्मिनीचा फ्युएल पंप: किट टाकायचं, नवा बसवायचा की इलेक्ट्रिक?

जुनी प्रीमियर पद्मिनी गाडी चढावर मिसिंग करायला (झटके द्यायला) लागली, की पहिला संशय टाकीतून कार्बोरेटरकडे पेट्रोल पोचवणाऱ्या पंपावर. पण पैसे मोजण्याआधी कॉइलचं कनेक्शन काढा, कार्बोरेटरकडची नळी बाटलीत सोडा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. पेट्रोलच्या जोरदार पिचकाऱ्या आल्या तर पंप शाबूत आहे. नाही आल्या, तरी आधी फिल्टर, टाकीकडून येणाऱ्या चिरलेल्या रबरी नळ्या आणि टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बघा.

पंपच गेलाय हे नक्की झालं, तर ऑइलची पट्टी काढून वास घ्या. मेकॅनिकल पंपाचा (इंजिनच्याच फिरण्यावर चालणारा; गॅरेजमध्ये याला एसी पंपही म्हणतात) डायफ्रॅम, म्हणजे पेट्रोल ओढणारा आतला पडदा, फाटला की पेट्रोल थेट इंजिन ऑइलच्या चेंबरमध्ये उतरू शकतं. पातळी वाढलेली आणि पेट्रोलचा वास असेल, तर ऑइल बदलल्याशिवाय गाडी चालू करू नका. पातळ ऑइलवर बेअरिंग खराब होतात, आणि तो खर्च पंपाच्या कितीतरी पट आहे.

किट, म्हणजे जुन्याच पंपात टाकायचे डायफ्रॅमसारखे आतले सुटे भाग, सगळ्यात स्वस्त. पंपाची बॉडी सरळ असेल आणि लिव्हर झिजलेला नसेल तरच ते टाकण्यात अर्थ आहे. वर्षानुवर्षं दुकानात पडून कडक झालेला डायफ्रॅम मात्र घेऊ नका. आता बाजारात 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे आणि जुन्या प्रकारच्या रबराला ते सोसत नाही. इथेनॉलला टिकणारा डायफ्रॅम मागून घ्या, नळ्याही त्याच वेळी बदला.

आठवड्यातून दोन-तीनदा गाडी निघत असेल, तर माझं मत नव्या मेकॅनिकल पंपाकडे. वायरिंगला हात लागत नाही, इंजिन बंद झालं की पंपही बंद, आणि बिघाड रस्त्यातला कुठलाही जुना मेकॅनिक ओळखतो. बसवताना मधला इन्सुलेटर आणि गॅस्केट जुन्याच जाडीचे ठेवा. जाडी वाढली की लिव्हरची चाल कमी होते आणि नवा पंपही पेट्रोल कमी उचलतो.

मेकॅनिकल पंप हरतो तो उन्हाळ्यात घाट चढताना. तापलेल्या इंजिन ब्लॉकला चिकटलेल्या पंपात पेट्रोलची वाफ होते, गाडी बंद पडते, मग पंपावर ओला फडका ठेवून थांबायचं. हे नेहमीचंच झालं असेल, किंवा गाडी महिनाभर उभी राहून कार्बोरेटर कोरडा पडत असेल, तर इलेक्ट्रिक पंप खरोखर सुख देतो. चावी फिरवली की काही सेकंदांत पेट्रोल वर. पण तो टाकीजवळ, खालच्या बाजूला बसवा, कारण हे पंप ओढण्यापेक्षा ढकलण्यात जास्त पटाईत असतात. दाब साधारण 3-4 पीएसआयचाच हवा. इंजेक्शनच्या गाडीतला पंप 40 पीएसआयच्या आसपास चालतो. तो लावला तर कार्बोरेटरमध्ये पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई तग धरत नाही आणि पेट्रोल तापलेल्या इंजिनावर सांडतं. फ्यूज, रिले आणि अपघातात पुरवठा तोडणारा इनर्शिया स्विच नसेल, तर इलेक्ट्रिक पंप बसवूच नका. मेकॅनिकल पंप काढल्यावर त्या जागी प्लेट घट्ट बसवा, नाहीतर तिथून ऑइल गळेल.