दबकत जायचं तर कोणत्या रानात?

शिकारीच्या गेममध्ये गोळी झाडायला एक क्षण लागतो. त्याआधीचा अर्धा-पाऊण तास ओणवं चालत, थांबत, कानोसा घेत गेलेला असतो. ज्यांना हा पाऊण तासच हवा आहे, त्यांच्यासाठी हे लिहितेय. धडाधड नेमबाजी हवी असेल तर तिच्यासाठी दुसरे कितीतरी गेम आहेत.

जनावराला चाहूल लागू न देता त्याच्याजवळ पोहोचणं, हाच गाभा धरून रचलेले दोन मोठे गेम सध्या घेण्याजोगे आहेत. पहिला ‘द हंटर: कॉल ऑफ द वाइल्ड’. तो स्वीडनच्या एक्सपान्सिव्ह वर्ल्ड्सने केला आणि २०१७ मध्ये आला. दुसरा स्लोव्हाकियातल्या नाइन रॉक्स गेम्सचा ‘वे ऑफ द हंटर’, तो २०२२ मधला. दोन्हींत जंगल आहे, माग आहे, वारा आहे, दुर्बीण आहे. दुकानाच्या पानावरचे फोटो शेजारी शेजारी ठेवले तर फरक कळत नाही. म्हणून स्वतःला एकच गोष्ट विचारा: जनावरापर्यंत पोहोचणं अवघड हवंय, की पोहोचल्यावर गोळी झाडायची की नाही हे ठरवणं अवघड हवंय? पहिलं हवं असेल तर ‘कॉल ऑफ द वाइल्ड’, दुसरं हवं असेल तर ‘वे ऑफ द हंटर’. असं का म्हणते, ते सविस्तर सांगते.

वारा आधी

काही वर्षांपूर्वी बुद्धपौर्णिमेच्या रात्री विदर्भातल्या एका पाणवठ्यावर मचाणावर बसले होते. चांदणं लख्ख होतं. सांबराची मादी पाण्यापासून पंधरा-वीस पावलांवर येऊन उभी राहिली. तिने कान फिरवले, नाक वर केलं आणि बराच वेळ तशीच थांबली. तेवढ्यात आमच्या पाठीमागून वाऱ्याची झुळूक गेली आणि ती पाण्याला तोंडही न लावता वळली. आमच्यापैकी कुणी हललं नव्हतं, कुणी बोललं नव्हतं. आमचा वास मात्र तिच्यापर्यंत पोहोचला होता.

‘कॉल ऑफ द वाइल्ड’ खेळताना ती रात्र मला पुन्हा पुन्हा आठवते. तुम्ही किती दिसताय आणि किती आवाज करताय, हे पडद्यावरचे दोन दर्शक सतत दाखवत असतात. उभं राहिलात की दोन्ही चढतात, ओणवे झालात की उतरतात, पोटावर सरपटलात की अगदी खाली येतात. झुडपात शिरलात की पानांचा आवाज उसळतो, त्यामुळे नाकासमोर चालत जाण्याचा मोह सोडून झुडपांमधल्या मोकळ्या फटींतून वाट काढावी लागते. हे सगळं नवखा माणूस दोन संध्याकाळींत शिकतो. वारा मात्र त्याच्या लक्षातच येत नाही.

माझंही तसंच झालं होतं. हिर्शफेल्डन हे गेमसोबत मिळणारं जर्मनीतलं राखीव रान. शेतं, बीच वृक्षांची झाडी, मधूनच तळी. तिथे लाल हरणाच्या नराची साद ऐकू यायची. हातातलं हंटरमेट हे यंत्र सांगायचं, आवाज कुणाचा आणि साधारण कुठून आला. पाऊलखुणा सापडायच्या, ताज्या असायच्या. मी ओणवी होऊन, श्वास रोखून पुढे सरकायचे. आणि दरवेळी शंभरेक मीटरवर असताना इशाऱ्याचा आवाज यायचा, पाठोपाठ खुरांचा खडखडाट. पुढे जाऊन पाहावं तर हरीण गायब. आवाज कमी करायचे, आणखी हळू जायचे, तरी तेच. मग एकदा पडद्यावरच्या वाऱ्याच्या खुणेकडे नीट पाहिलं. वारा माझ्या पाठीवर होता. माझा वास माझ्याआधी तिथे जाऊन पोहोचत होता.

त्यानंतर माझा खेळ बदलला. साद ऐकली की मी आता लगेच निघत नाही. नकाशा उघडते, वाऱ्याची दिशा बघते, मोठा वळसा घालून वारा तोंडावर येईल अशा बाजूने शिरते. पंधरा मिनिटं जास्त जातात, पण त्या पंधरा मिनिटांतच खरी शिकार असते. वास लपवण्याचा फवारा गेममधल्या दुकानात मिळतो. मी सुरुवातीला तो वापरू नका असं सांगेन. वाऱ्याचा विचार अंगवळणी पडेपर्यंत तो हातात असला की शिकणं राहून जातं.

इशाऱ्याच्या आवाजाबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. ताडोबात जिप्सीत बसलेल्यांना हे माहीत असतं. वानर खाकरलं, चितळाने कॉल दिला की गाइड इंजिन बंद करायला लावतो आणि सगळे गप्प होतात. इथेही तसंच आहे, फक्त कॉल तुमच्यामुळे आलेला असतो. तो ऐकला की पहिली इच्छा होते ती पटकन पुढे जाऊन बघण्याची. जाऊ नका. होता त्या जागी पोटावर पडा आणि थांबा. जनावर बुजलेलं असलं तरी अजून पळालेलं नसतं. पुरेसा वेळ गेला आणि नवं काही कानावर, नाकावर आलं नाही, तर ते पुन्हा चरायला लागतं. या थांबण्याइतका ताण मला दुसऱ्या कुठल्याही गेममध्ये जाणवलेला नाही.

या गेमला एक मर्यादाही आहे. जनावरांच्या पाणी पिण्याच्या, चरण्याच्या, विश्रांतीच्या जागा ठरलेल्या असतात आणि त्यांच्या वेळाही. माग काढत गेलात की या जागा नकाशावर नोंदल्या जातात. शंभर तासांनंतर तुमच्याकडे अख्ख्या रानाचं वेळापत्रक तयार होतं. काही खेळाडू मग तळ्यातळ्याने फेरी मारतात: या वेळेला इथे, मग पुढच्या तळ्यावर. यात दबकणं उरतं, शोधणं संपतं. एकाच जागी फार गोळ्या झाडल्या तर तिथला शिकारीचा ताण वाढतो, नकाशावर जांभळा डाग गडद होत जातो आणि शेवटी जनावरं ती जागा सोडतात. ही सोय मला फार आवडते, कारण ती लोभाला थेट उत्तर देते. तरीही पदकांच्या मागे लागलेल्या माणसाला हिऱ्याच्या, म्हणजे वरच्या दर्जाच्या पदकापर्यंतची वाट फेऱ्या मारायलाच शिकवते. आपण कसे खेळणार आहोत, हे आधी स्वतःशी ठरवलेलं बरं.

मग निवड

‘वे ऑफ द हंटर’मध्ये तुम्ही रिव्हर नॉक्स असता, आजोबांच्या शिकारी लॉजचा कारभार हाती आलेला. नेझ पर्स व्हॅली हे अमेरिकेच्या आयडाहोतलं रान आणि ट्रान्सिल्व्हेनिया हे रुमानियातलं, अशी दोन रानं मूळ गेममध्ये मिळतात, प्रत्येकी ५५ चौरस मैलांची. इतकं मोठं रान पायी तुडवणं अवघड, म्हणून गाडी असते. ती लांब उभी करा आणि उरलेलं अंतर चाला. नाहीतर इंजिनाचा आवाजच तुमची वर्दी देतो.

इथेही वारा आहे, पाणवठे आहेत, ओणवं चालणं आहे. माग काढण्यासाठी ‘हंटर सेन्स’ म्हणजे शिकाऱ्याची जाणीव मदतीला असते. ती चालू केली की पाऊलखुणा आणि रक्ताचे डाग उठून दिसतात. अवघड पातळीवर ती मदत कमी होते, आणि मी तेच सुचवेन. पण हा गेम तुम्हाला खरं कोंडीत पकडतो ते शेवटच्या दोनशे मीटरवर.

कळप दिसतो. दुर्बीण लावता. एकेका जनावराचं वय आणि अंगकाठी निरखावी लागते. हा नर तरुण आहे, शिंगं अजून भरलेली नाहीत, पण धडधाकट आहे. याला मारलं तर कळपातलं चांगलं रक्त गेलं. तो शेजारचा म्हातारा होत चाललाय, त्याला काढलं तर पुढच्या पिढीचं काही बिघडत नाही. हे फक्त बोलण्यापुरतं नाही. कळपाची तब्येत गेम मोजत असतो, आणि तुम्ही कुणाला वेचताय यावर पुढचे नर कसे निपजणार हे ठरतं. सुरुवातीला डोळ्यांत भरलेला प्रत्येक देखणा नर टिपत गेलात, तर काही काळाने त्याच खोऱ्यात मध्यम शिंगांचेच नर भेटायला लागतात.

त्यामुळे इथल्या शिकारीच्या कितीतरी फेऱ्या गोळीविना संपतात. अर्धा तास सरपटत गेलात, वारा सांभाळला, कळप गाठला, आणि कळलं की इथे मारण्याजोगा कुणीच नाही. माघारीही तितक्याच हळू यावं लागतं, कारण कळप बुजला तर उद्याचा दिवसही गेला. काहींना हे निराशाजनक वाटेल. माझ्यासाठी हाच या गेमचा मोठेपणा आहे. दबकण्याला इथे मारण्यापलीकडचं कारण मिळतं: तुम्ही पाहायला जाता.

आणि गोळी झाडलीत तर गोळीमागून जाणारा कॅमेरा पुढेमागे फिरवून पाहता येतो. गोळी नेमकी कुठून शिरली, फुप्फुसाला लागली की थोडक्यात हुकली, सगळं उघडं पडतं. पहिल्यांदा पाहताना मला ते जड गेलं. नंतर लक्षात आलं, त्यामुळे मी घाईने गोळी झाडणं सोडलं आणि आणखी वीस मीटर जवळ जायला लागले.

हालचालीच्या बाबतीत ‘कॉल ऑफ द वाइल्ड’ मला जास्त नेमका वाटतो. एक पाऊल टाकलं आणि काय झालं, हे तिथे लगेच कळतं. ‘वे ऑफ द हंटर’मध्ये आपण का फसलो हे कधी कधी फसल्यावरच उमगतं. शिकायचं असेल तर पहिला बरा.

घराजवळचं रान

मराठी माणसाला ‘कॉल ऑफ द वाइल्ड’कडे ओढणारं एक खास कारण आहे: सुंदरपाटण. हे वेगळं विकत घ्यावं लागणारं नेपाळचं रान. हिमालयाचा पायथा, गवताळ माळ, वर बर्फ. तिथे वाघ आहे, काळवीट आहे, बारशिंगा आहे आणि विदर्भात आपण जिला रोही म्हणतो ती नीलगायही आहे. जर्मनीतलं लाल हरीण टिपताना जो परकेपणा असतो तो इथे राहत नाही. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, आणि काळविटाकडे दुर्बिणीतून पाहतच आपण मोठे झालो. त्याच्यावर गेममध्येसुद्धा नेम धरायला माझा हात उचलत नाही. मी तिथे गवतात पडून कळप बघते, वाघाच्या खुणा मिळाल्या तर त्यांचा माग काढते आणि जमेल तितकं जवळ जाऊन परत येते. आपल्या अभयारण्यांत पर्यटकाला गाडीतून उतरून मागावर चालता येत नाही, आणि ते योग्यच आहे. पायी माग काढण्याची हौस मला इथे भागवता येते.

राहिलेलं

कुणी ‘रेड डेड रिडेम्प्शन २’चं नाव घेईल. २०१८ च्या या गेममध्ये शिकार सुंदर आहे: आपला वास वाऱ्यावर कुठे जातोय हे ‘ईगल आय’ या खास नजरेत डोळ्यांनी दिसतं, वास झाकायचं लोशन आहे, कातड्याची प्रत सांभाळावी लागते. पण तिथे शिकार हा मोठ्या गोष्टीतला एक धागा आहे. गोष्टही हवी असेल तर जरूर घ्या. नुसतं दबकणं हवं असेल तर तो वरच्या दोघांइतका खोल जात नाही.

यंत्राचं म्हणाल तर ‘कॉल ऑफ द वाइल्ड’ जुना असल्याने प्लेस्टेशन ४ (पीएस४) किंवा जरा वय झालेल्या पीसीवरही चालतो. ‘वे ऑफ द हंटर’ आला तोच पीसी, पीएस५ आणि एक्सबॉक्स सिरीजसाठी, त्याला ताकदीचं ग्राफिक्स कार्ड हवं. पहिल्याची जादा रानं एकेक करून विकत घ्यावी लागतात आणि सगळी घेतली तर खर्च फुगतो. त्यांच्यावर सवलती वारंवार लागतात, तेव्हा सेलची वाट पाहा. सोबत खेळायचं असेल तर पहिल्यात एका रानात आठ जण उतरू शकतात. माझा मावसभाऊ टोरांटोहून येतो, तिकडची सकाळ, इथली रात्र. आम्ही दोघं दोन बाजूंनी कळपाकडे सरकतो आणि हेडफोनवर कुजबुजत बोलतो, खरं तर त्याची गरज नसते.

हेडफोन मात्र दोन्ही गेमना अत्यावश्यक. लॅपटॉपच्या स्पीकरवर साद डावीकडून आली की मागून हे कळत नाही, आणि ते कळलं नाही तर निम्मा खेळ हातातून गेला.

एकच घ्यायचा असेल आणि अजून ठरत नसेल, तर ‘कॉल ऑफ द वाइल्ड’ घ्या, जादा काहीही विकत न घेता. पहिला आठवडा हिर्शफेल्डनमध्येच राहा, फवारा वापरू नका, आणि रोज एकच जनावर निवडून त्याच्या मागे लागा. वारा बदलला तर वळसा घाला. पन्नास मीटरच्या आत शिरून ते मान खाली घालून चरताना दिसलं की थोडं थांबा, दुर्बीण काढा, आणि गोळी झाडायच्या आधी एकदा ते नीट पाहून घ्या. त्या क्षणी बंदूक खाली ठेवावीशी वाटली, तर पुढच्या सेलमध्ये ‘वे ऑफ द हंटर’ तुमच्यासाठीच आहे.