काश्मीर व्हाईटचा ओटा: आठ महिन्यांनंतर

जुना कडप्पा काढून काश्मीर व्हाईट बसवला, त्याला आता आठ महिने झाले. दुकानात याला ग्रॅनाईटच म्हणतात. खरं तर हा नीस, म्हणजे पट्टिताश्म. नाव काश्मीरचं असलं तरी दगड तमिळनाडूतला, मदुराईकडचा. जमिनीखाली खोलवर उष्णतेने आणि दाबाने त्यातली खनिजं नव्याने घडली आणि पट्ट्यांनी लागली. पांढरा-राखाडी भाग फेल्डस्पार आणि क्वार्ट्झचा, काळसर रेघा अभ्रकाच्या, आणि मधूनमधून डाळिंबाच्या दाण्यासारखे लाल ठिपके आहेत ते गार्नेटचे. सकाळी खिडकीतून ऊन आलं की हे दाणे इतके सुरेख दिसतात, की चहा उकळेपर्यंत मी बघतच राहते.

लिंबू, आमसूल, चिंच यांची आता धास्ती नाही. कडप्पा चुनखडीचा, त्यामुळे आंबट सांडलं की पांढुरका डाग कायमचा. इथे तसं काही झालेलं नाही. सुरीचेही ओरखडे नाहीत, कारण क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार दोन्ही पोलादी पात्यापेक्षा कठीण.

हळदीने मात्र रडवलं. दुकानदार म्हणाला, सीलरची (दगडाची बारीक छिद्रं बुजवणाऱ्या द्रावाची) गरज नाही, आणि मी ऐकलं. लोणच्याचा मसाला कालवताना हळदीचं तेल सांडलं, पुसेपर्यंत आत मुरलं. पिवळा रंग खिडकीजवळच्या उन्हाने आठ-दहा दिवसांत उडाला, तेलाची काळपट छटा अजून आहे.

दुसरी तक्रार सिंकपाशी. पावसाळ्यात तिथल्या दोन-तीन गार्नेटभोवती तांबूस कडं उमटलं. गार्नेटमध्ये लोह असतं, सतत ओल राहिली की ते गंजतं. बाथरूमचं ॲसिड त्यावर चुकूनही लावू नका, लोह आणखी सुटतं. शिवाय सिंकच्या कडेला जिथे अभ्रकाची जाड रेघ आलीय, तिथले पापुद्रे निघून नखाला लागेल एवढा खड्डा पडलाय. अभ्रक नखानेही सुटतं, बाकीचा दगड कितीही कठीण असो.

म्हणून स्लॅब निवडताना नुसता रंग बघू नका. ओली करून काळ्या रेघा कुठून जातात ते बघा, आणि सिंकचं भोक त्या रेघांवर येणार नाही असं मिस्त्रीला आधीच खडूने आखून द्या. तुकड्यावर पाण्याचे चार थेंब टाकून पाच मिनिटं थांबा. खाली दगड काळवंडला तर तो पाणी पितो, सीलर लावल्याशिवाय वापरू नका. मी दिवाळीत लावला, त्यानंतर पाणी वर मण्यासारखं उभं राहतं.

पुन्हा घ्यायची वेळ आली तरी मी हाच दगड घेईन.