पेमेंट गेटवेने रोखलेली दिवाळी अंकाची रक्कम: वर्षभराच्या वापरानंतर

आमची प्रकाशनसंस्था लहान आहे आणि तिचा वर्षाचा हिशेब दिवाळी अंकावर उभा असतो. सवलतीच्या दरातली पूर्वनोंदणी गणेशोत्सवाच्या सुमारास सुरू होते, अंक नवरात्रानंतर छापून येतो, आणि मधल्या काळात वाचकांनी आगाऊ भरलेल्या पैशांतून कागद, छपाई व लेखकांचे मानधन भागते. ही नोंदणी संकेतस्थळावरून घेता यावी म्हणून २०२४ च्या उन्हाळ्यात आम्ही एका पेमेंट गेटवेची, म्हणजे वाचकांनी ऑनलाइन भरलेले पैसे गोळा करून आमच्या बँक खात्यात जमा करणाऱ्या कंपनीची, सेवा घेतली. पहिल्याच हंगामात तिने पूर्वनोंदणीची जवळजवळ सगळी रक्कम रोखून धरली आणि ती पूर्ण हाती येईपर्यंत दिवाळी होऊन गेली होती. कंपनीचे नाव देत नाही, कारण रक्कम रोखण्याचे कलम एकाच कंपनीच्या करारात असते असे नाही.

रोजच्या वापराबद्दल फारशी तक्रार नाही. वाचकाला यूपीआय, कार्ड किंवा नेटबँकिंग यांपैकी हवा तो मार्ग मिळतो, पावती आपोआप जाते आणि शुल्काचा हिशेब, त्यावरच्या १८ टक्के जीएसटीसह, डॅशबोर्डवर नीट दिसतो. उन्हाळ्यात जुनी पुस्तके विकली तेव्हा पैसे ठरल्या वेळी बँकेत जमा होत होते.

पूर्वनोंदणी सुरू झाली आणि काही दिवसांतच डॅशबोर्डवर ‘सेटलमेंट तपासणीसाठी थांबवले आहे’ अशी ओळ आली. सेटलमेंट म्हणजे जमा झालेली रक्कम आमच्या बँक खात्यात येणे. कारण दिलेले नव्हते, मुदतही दिलेली नव्हती. सर्वांत गंभीर गोष्ट म्हणजे वाचकांकडून नवे पैसे घेणे मात्र चालूच होते, त्यामुळे रोखलेली रक्कम रोज वाढत गेली. खात्याविषयी खरोखरच शंका असेल तर आधी नवे पैसे घेणे थांबवायला हवे. घेत राहायचे आणि पुढे द्यायचे नाही, ही पद्धत मला आजही समर्थनीय वाटत नाही. शेवटी आम्हीच संकेतस्थळावरचा तो मार्ग बंद केला.

असे का होते, हे समजून घेतल्यावर पत्रव्यवहाराला दिशा मिळाली. कार्डाने पैसे भरलेल्या ग्राहकाला वस्तू मिळाली नाही, तर तो आपल्या बँकेमार्फत रक्कम परत मागू शकतो. यालाच चार्जबॅक म्हणतात. व्हिसासारख्या कार्ड नेटवर्कच्या नियमांत त्यासाठी साधारण १२० दिवसांची मुदत असते, आणि वस्तू न मिळाल्याच्या तक्रारीत ती वस्तू मिळण्याच्या अपेक्षित तारखेपासून मोजली जाऊ शकते. तोवर विक्रेता नाहीसा झाला तर भुर्दंड मधल्या कंपनीवर पडतो. नवे खाते, एकाएकी वाढलेली आवक आणि अजून छापूनही न झालेला माल या तीन गोष्टी एकत्र आल्या की तपासणीची यंत्रणा पैसे थांबवते. दिवाळी अंकाचा व्यवहार मुळातच असा चालतो. त्यामुळे कंपनीची शंका मी अनाठायी म्हणणार नाही. माझा आक्षेप आहे तो काहीही न सांगता बेमुदत थांबवण्याला.

हे पैसे कंपनीचे नसतात, हा यातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे. रिझर्व्ह बँकेने १७ मार्च २०२० रोजी पेमेंट अ‍ॅग्रीगेटरसाठी, म्हणजे अशा मधल्या कंपन्यांसाठी, काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार ग्राहकांकडून घेतलेली रक्कम अनुसूचित वाणिज्य बँकेतल्या एस्क्रो खात्यात, म्हणजे केवळ ठरलेल्या कामासाठीच वापरता येणाऱ्या खात्यात, वेगळी ठेवावी लागते. वस्तू पोहोचवण्याची जबाबदारी विक्रेत्याची असेल, तर ती पोहोचल्याच्या पुष्टीनंतर एका दिवसात पैसे देण्याचा दंडक त्या सूचनांत होता. सप्टेंबर २०२५ मध्ये नवी एकत्रित निर्देशावली आली. एस्क्रोची अट तिच्यातही कायम आहे. तक्रारींसाठी नोडल अधिकारी नेमून त्याचा तपशील संकेतस्थळावर ठळकपणे देण्याचे बंधनही २०२० च्या सूचनांनी घातले होते.

मदत केंद्राकडून तोवर एकच ठरावीक उत्तर येत होते. मग आम्ही नोडल अधिकाऱ्याला पत्र लिहिले आणि त्यात तीनच गोष्टी विचारल्या: रक्कम कराराच्या कोणत्या कलमाखाली रोखली आहे, कोणत्या ग्राहकाची तक्रार आहे, आणि कोणती कागदपत्रे दिल्यावर ती सुटेल. सोबत छापखान्याचे देयक, आधीच्या वर्षांच्या अंकांची मुखपृष्ठे, बँकेचे उतारे आणि संस्थेची नोंदणी जोडली. अंक रवाना होऊ लागल्यावर प्रत्येक नोंदणीपुढे व्यवहार क्रमांक, रक्कम, स्पीड पोस्टचा क्रमांक आणि पोहोचल्याची तारीख असा तक्ता करून तो नियमाने पाठवत राहिलो. आमच्या समजुतीप्रमाणे पैसे सुटले ते या तक्त्यामुळे. ज्या अंकांची पोहोच सिद्ध झाली त्यांची रक्कम आधी आली. साध्या टपालाने गेलेल्या अंकांना मागोवा क्रमांक नसतो, त्यामुळे तिथे पुरावा उरत नाही. त्या वाचकांना ‘अंक मिळाला’ एवढे ईमेलने कळवण्याची विनंती केली. वाचकांनी ती इतक्या आपुलकीने मानली की त्यांचे ऋण इथे नोंदवल्याशिवाय राहवत नाही. उरलेली रक्कम त्यानंतर सुटली. व्याज किंवा भरपाई मिळाली नाही, आणि छापखान्याने थकबाकीसाठी थांबायची तयारी दाखवली नसती तर अंक वेळेवर आला नसता.

एवढ्यावर भागले नसते तर कायदेशीर नोटीस आणि जिल्हा ग्राहक आयोग हा मार्ग आम्ही ठरवून ठेवला होता. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी हेतूने घेतलेली सेवा वगळलेली आहे, आणि स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठीचा अपवाद त्यात वस्तूंपुरताच लिहिलेला आहे, त्यामुळे तिथे हा मुद्दा अडू शकला असता. तक्रार मात्र आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. ज्यांचे पैसे वॉलेटमध्ये किंवा बँक खात्यात अडकले आहेत त्यांच्यासाठी रिझर्व्ह बँकेची एकात्मिक लोकपाल योजना अधिक सोयीची आहे. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा उत्तर पटले नाही तर लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते.

एक धोका मात्र कळकळीने सांगतो. समाजमाध्यमांवर तक्रार लिहिताच ‘तुमची रक्कम सोडवून देतो’ असे सांगणारे फोन आम्हाला येऊ लागले आणि आपल्या मोबाइलचा पडदा समोरच्याला दाखवणारे अ‍ॅप घ्यायला सांगण्यात आले. यूपीआय पिन पैसे मिळवण्यासाठी कधीच लागत नाही. कोणी तो मागितला तर फोन ठेवावा, आणि पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० वर कळवावे.

सेवा आम्ही बारमाही पुस्तकविक्रीसाठी ठेवली आहे आणि त्या कामासाठी ती चांगली आहे. पूर्वनोंदणीसाठी मात्र व्यवस्था बदलली. जुन्या वाचकांना संस्थेच्या बँक खात्याचा यूपीआय क्यूआर पाठवतो, त्यामुळे मध्ये कोणी राहत नाही. उरलेली आवक दोन वेगळ्या सेवांत विभागतो, आणि हंगामाआधी अंदाजित आवक व अंकाची तारीख दोघांनाही लेखी कळवतो. दुसऱ्या सेवेशी करार करण्यापूर्वी त्यांच्या प्रतिनिधीकडून ‘तपासणीच्या काळात नवे पैसे घेणे थांबवता का, आणि रक्कम जास्तीत जास्त किती दिवस रोखता’ या दोन प्रश्नांची उत्तरे ईमेलवर मागून घेतली. ती मिळाल्यावरच सही केली.