कोल्हापूरच्या राजारामपुरीतला स्त्रीरोग दवाखाना: डॉक्टर एक नंबर, काउंटर सुधारा

चार तारे. पाचवा काउंटरनं घालवला.

मी ट्रान्स पुरुष, म्हणजे जन्माच्या वेळी मुलगी म्हणून नोंद झालेला पुरुष. दाढी आहे, आवाज जाड आहे, आधार कार्डावर मात्र अजून घरच्यांनी ठेवलेलं नाव. टेस्टोस्टेरॉनची (पुरुषी हार्मोनची) इंजेक्शनं सुरू होती, पाळी बंद होती, तरी दिवस राहिले. आमच्यातल्या बऱ्याच जणांना वाटतं पाळी नाही म्हणजे धोका नाही. तसं नसतं, टेस्टोस्टेरॉन हे काही गर्भनिरोधक नव्हे. डॉक्टर मॅडमनी हे दोन वाक्यांत सांगितलं आणि पुढच्या कामाला लागल्या.

याआधी गर्भपातासाठी दुसऱ्या एका दवाखान्यात गेलो, तिथून ‘नवऱ्याची सही आणा’ असं ऐकून परत आलो होतो. सही कशाला? १९७१ च्या गर्भपात कायद्यानुसार सज्ञान पेशंटची स्वतःची संमती पुरते. इथं तो प्रश्नच आला नाही. संमतीचा फॉर्म सी पुढं सरकवत मॅडम म्हणाल्या, “यावर आधारचंच नाव लिहा, सरकारी कागद आहे. फाइलवर तुम्ही सांगाल ते.” दाखल पेशंटचं रजिस्टर गुप्त ठेवायचं असतं, बाकी कागदांवर नुसता नंबर जातो, हेही त्यांनीच सांगितलं.

कायद्यात मी बसतो का, असं विचारलं. मॅडमना सर्वोच्च न्यायालयाचा २९ सप्टेंबर २०२२ चा निकाल माहीत होता! अविवाहित मुलींनाही २४ आठवड्यांपर्यंतची सवलत, म्हणून तो गाजला. पण ‘महिला’ म्हणजे गर्भपाताची गरज पडणारे आमच्यासारखेही, हे न्या. चंद्रचूड यांच्या खंडपीठानं त्यातच लिहून ठेवलंय. गावात गर्भपाताच्या हक्कावर व्याख्यानं होतात, तिथं हे काढलं की संयोजक म्हणतात, “त्यावर वेगळा कार्यक्रम घेऊ.” तो वेगळा कार्यक्रम अजून व्हायचाय.

माझे नऊ आठवडे झाले नव्हते, त्यामुळं गोळ्यांवर भागलं. रात्री रक्तस्राव वाढल्यासारखा वाटला, फोन केला, मॅडमनी स्वतः उचलला. किती पॅड भिजले ते विचारून घाबरू नका म्हणाल्या. नंतरच्या सोनोग्राफीत सगळं ठीक निघालं. बिलाची पावती न मागता मिळाली. पार्किंगचं मात्र विसरा, राजारामपुरीच ती.

आता काउंटर. “मिसेस कुठायत?” मीच पेशंट म्हटल्यावर ताईंनी आधारवरचं नाव हॉलभर ऐकू जाईल असं पुकारलं. सगळं बाकडं वळून बघायला लागलं. शेजारच्या आजींनी विचारलं, “बायकोला आणलंईस काय रं?”

“न्हाई आजी, मीच दाखवायला आलोय.”

“असं व्हय. बस की मग,” म्हणत त्यांनी पिशवी मांडीवर घेऊन जागा केली. काउंटरला एवढंही जमलं नाही.

दवाखान्यात टोकन छापून देतात, भिंतीवर नंबर दाखवणारा बोर्डही आहे. त्या नंबरानंच हाक मारा की.